कराचीवरून जाणारी रेघ

मुंबई ते लंडन हवाई अंतर किती, असं विचारलं की संगणक क्षणात उत्तर देतो: सुमारे ७,२१० किलोमीटर. लांब पल्ल्याची आजची विमानं ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडतात, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. भागाकार केला की आठ तास येतात. तिकिटावर मात्र लंडनला जाताना साडेनऊ ते दहा तास लागतील असं छापलेलं असतं आणि परत येताना नऊच्या आसपास. विमानतळ तेच, विमानही बहुधा त्याच जातीचं, तरी भागाकाराला न जुमानणारा हा वरचा वेळ येतो कुठून? आणि जाण्यायेण्यात तो वेगवेगळा का असतो? बहुतेक प्रवासी हा विमानकंपनीचा मामला समजून सोडून देतात. तो तसा सोडून देऊ नये, असं मला वाटतं. दोन विमानतळांमधलं अंतर भूगोल ठरवतो, पण त्यांच्यामधला वेळ ठरतो तो वारा, शेजारी देश आणि धावपट्टीसमोरची रांग यांच्यामुळे. वाऱ्यावर कुणाची सत्ता चालत नाही. उरलेल्या दोन गोष्टी सर्वस्वी माणसांच्या निर्णयांतून घडतात. म्हणून तिकिटावरच्या प्रत्येक जादा मिनिटामागे कुणाचा तरी निर्णय असू शकतो, आणि तो कोणाचा हे विचारण्याचा हक्क प्रवाशाला आहे.

आधी अंतराचं पाहू. शाळेच्या भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टी लावली तर रेघ इराणच्या आखाताच्या तोंडाशी पोचते आणि इराक, तुर्कस्तान ओलांडून युरोपात शिरते. हीच दोन गावं पृथ्वीगोलावर शोधून त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर दोरा बराच उत्तरेकडे सरकतो. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळचा मार्ग हा या दोऱ्याचा. भूगोलाच्या पुस्तकात त्याला बृहद्वृत्त म्हणतात. मुंबई-लंडनची ही रेघ अरबी समुद्रावरून निघून जवळजवळ बरोबर कराचीच्या डोक्यावरून जाते. पुढे बलुचिस्तान, इराणचा पूर्व भाग, कास्पियन समुद्राचा दक्षिण किनारा, अझरबैजान, जॉर्जिया, क्रिमिया, युक्रेन, पोलंडचा दक्षिण भाग आणि जर्मनी असा तिचा माग लागतो. मुंबई-न्यूयॉर्कची रेघ तर याहून चकित करणारी आहे. एकोणिसाव्या अक्षांशावरच्या गावातून चाळिसाव्या अक्षांशाजवळच्या गावाकडे निघालेला हा दोरा वाटेत ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि नॉर्वे व आइसलँडच्या मधल्या समुद्रावरून खाली उतरतो. त्याची लांबी सुमारे १२,५३० किलोमीटर. सपाट नकाशावर वाढलेल्या नजरेला हा मार्ग वळसा वाटतो, पण याहून जवळचा मार्ग पृथ्वीवर नाही.

हे अंतर मोजतानाही काही बारकावे आहेत. प्रत्येक विमानतळाचा एक ठरवून दिलेला संदर्भबिंदू असतो, साधारणपणे धावपट्ट्यांच्या मध्याजवळ, आणि अंतर एका संदर्भबिंदूपासून दुसऱ्यापर्यंत मोजतात. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्यामुळे नुसता गोल धरून काढलेलं उत्तर थोडं चुकतं, पण ही चूक अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर असते. वैमानिक आणि नियंत्रक किलोमीटरऐवजी सागरी मैलात बोलतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि रेखावृत्तावरून चालताना अक्षांशाच्या एका कलेइतकं हे अंतर भरतं. एवढं समजलं की अंतराचा विषय जवळजवळ संपतो, कारण ते कालही तेवढंच होतं आणि उद्याही तेवढंच राहणार. बदलतो तो वेळ.

वेळ बदलणाऱ्यांपैकी पहिला वारा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमक्या प्रवासी विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे पट्टे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानी शास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची मोजमापं केली होती. हिवाळ्यात यांपैकी एक पट्टा उत्तर भारतावर येऊन बसतो आणि त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरपर्यंत सहज जातो. त्या दिवसांत दिल्लीहून गुवाहाटीला जाणारं विमान या प्रवाहाबरोबर जातं आणि येणारं त्याच्या विरुद्ध झुंजत येतं; दोन्ही फेऱ्यांच्या छापील वेळांत वीस-तीस मिनिटांचा फरक दिसतो तो यामुळे. पावसाळ्यात चित्र पालटतं. दक्षिण भारतावर, आणखी उंचावर, उलट दिशेचा म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट प्रवाह तयार होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५०च्या दशकात त्याचा अभ्यास मांडला आणि मान्सून समजून घेण्यात त्याला मोठं स्थान मिळालं. मुंबई-दिल्ली हा दक्षिणोत्तर मार्ग असल्याने वारा तिथे बहुतेक वेळा कुशीवरून लागतो आणि फरक कमी पडतो. लंडनचा मार्ग वायव्येचा, म्हणून जाताना बराच काळ वारा तोंडावर असतो आणि येताना पाठीशी. वाऱ्याची ताकद किती असू शकते याचा दाखला ८ फेब्रुवारी २०२० रोजी मिळाला. अटलांटिकवर वादळ उठलेलं असताना न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं आणि जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला. विमान आपल्या नेहमीच्याच वेगाने हवा कापत होतं. हवाच त्याला घेऊन धावत होती. अटलांटिक ओलांडण्याचे हवाई मार्ग तर या वाऱ्यांचा अंदाज घेऊन रोज नव्याने आखले जातात. म्हणजे किलोमीटरच्या हिशोबात लांबचा मार्ग मिनिटांच्या हिशोबात जवळचा ठरू शकतो, आणि अनुभवी नियोजक बृहद्वृत्त सोडून मुद्दाम दूरच्या वाटेने विमान पाठवतात.

वाऱ्याबद्दल दोन गैरसमज इतके रूढ आहेत की त्यांना उत्तर द्यायला हवं. पहिला असा की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेला जाणाऱ्या विमानासमोर मुक्काम आपणच चालत यायला हवा. विषुववृत्ताशी पृथ्वीच्या फिरण्याचा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर आहे, हे खरं. पण पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं आणि विमान त्या वातावरणातच उडत असतं. वाहत्या खाडीतल्या होडीला तळ हलतो की नाही याने फरक पडत नाही, पाणी कुठे वाहतं याने पडतो. दुसरा गैरसमज असा की जाताना वाऱ्याने जेवढं खाल्लं तेवढं येताना परत मिळतं, म्हणजे एकूण हिशोब चुकता. करून पाहावा. ७,२०० किलोमीटरचा प्रवास, विमानाचा वेग ९०० आणि वारा नसला तर दोन्ही बाजूंचे मिळून सोळा तास. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा धरा. पाठीशी असताना वेग १,००० होतो आणि ७ तास १२ मिनिटं लागतात. तोंडावर असताना वेग ८०० होतो आणि पूर्ण ९ तास लागतात. बेरीज १६ तास १२ मिनिटं. उलट्या वाऱ्यात विमान अधिक काळ अडकून राहतं, म्हणून तोटा फायद्यापेक्षा नेहमी मोठा असतो.

इथपर्यंत सारं निसर्गाचं. आता कराचीकडे परत जाऊ, कारण त्या रेघेवरचे बहुतेक अडथळे माणसांनी उभे केले आहेत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे त्याच दिवशी जुहूला उतरले. भारतीय हवाई वाहतुकीची सुरुवात या मार्गावर झाली. आज त्या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही, आणि भारतीय विमानाला कराचीवरून उडतही जाता येत नाही. बालाकोटच्या हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलै २०१९ पर्यंत पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद ठेवली होती. त्या काळात एकट्या एअर इंडियाला २ जुलैपर्यंत सुमारे ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं. पहलगामच्या हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने ही हद्द भारतीय कंपन्यांसाठी पुन्हा बंद केली, भारताने आठवड्याभरात तसंच उत्तर दिलं, आणि बंदीची मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. या बंदीत एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. ती भारतीय विमानांवर आहे. ब्रिटिश कंपनीच्या विमानाला ती लागू नाही. म्हणजे त्याच दोन विमानतळांमध्ये, त्याच दिवशी, त्याच वाऱ्यात उडणाऱ्या दोन विमानांना विमानाच्या राष्ट्रीयत्वाप्रमाणे वेगवेगळं आकाश उपलब्ध आहे. रेघेचा पुढचा भागही सुटलेला नाही. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि इराण, इराकचं आकाश एकाएकी मिटलं. मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान सुमारे तीन तास हवेत राहून मुंबईलाच परत आलं. ७,२१० किलोमीटरचं अंतर त्या दिवशीही ७,२१० किलोमीटरच होतं.

शेजाराचा वेळेवर होणारा परिणाम मुंबईपेक्षा दिल्लीला अधिक जाचतो, आणि त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण लंडनचं नसून मध्य आशियाचं आहे. दिल्लीहून कझाकस्तानातलं अल्माटी सरळ रेषेत सुमारे १,६४० किलोमीटरवर आहे आणि उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंद सुमारे १,५७० किलोमीटरवर. दिल्ली-बंगळुरू अंतर १,७०० किलोमीटर आहे, म्हणजे ही दोन्ही परदेशी शहरं दिल्लीला बंगळुरूपेक्षा जवळची. तरी एप्रिल २०२५ मध्ये इंडिगोला दिल्लीहून या दोन्ही ठिकाणची उड्डाणं थांबवावी लागली, कारण वळसा घालून तिथपर्यंत पोचणं कंपनीच्या ताफ्यातल्या विमानांच्या आवाक्याबाहेर गेलं. सरळ उत्तरेला का जाऊ नये, असा प्रश्न इथे कुणालाही पडेल. मध्ये हिमालय आणि काराकोरम आहेत. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला मिनिटांतच दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावर लोंबणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू साधारण पंधरा-वीस मिनिटंच पुरतो. खाली वीस हजार फुटांचे डोंगर असतील तर उतरायचं कुठे? म्हणून त्या पट्ट्यावरून नेहमीची विमानं जात नाहीत. डोंगर उत्तरेला आणि बंद दार पश्चिमेला, तेव्हा उरतो तो अरबी समुद्र गाठून ओमान, इराणवरून पुन्हा उत्तरेला वळण्याचा मार्ग, आणि त्याने बंगळुरूपेक्षा जवळचं गाव युरोपाच्या वाटेइतकं दूर जातं. लांबच्या उड्डाणांत तर वळशाचा खर्च स्वतःला वाढवत नेतो. वळशासाठी जादा इंधन घ्यायचं, त्या इंधनाचं वजन वाहण्यासाठी आणखी इंधन जाळायचं. सोबत घेतलेल्या जादा इंधनाच्या वजनातले तीन-चार टक्के दर तासाला ते वाहून नेण्यातच खर्च होतात. याच हिशोबामुळे दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी थांबावं लागलं, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा बंद करताना एअर इंडियाने दिलेल्या कारणांत विमानांची कमतरता आणि पाकिस्तानची बंद हद्द ही दोन्ही होती.

यावर एक आक्षेप येणार आणि तो हलका नाही. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असताना प्रवाशांच्या तासा-दोन तासांचं काय घेऊन बसलात? मला या आक्षेपातला पहिला भाग मान्य आहे. युद्धाच्या छायेतल्या आकाशात प्रवासी विमान पाठवणं हा गुन्हा ठरेल. जुलै २०१४ मध्ये पूर्व युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचं विमान क्षेपणास्त्राने पाडलं गेलं आणि २९८ माणसं गेली, हे विसरून चालणार नाही. पण सुरक्षेसाठी बंद केलेलं आकाश आणि शेजाऱ्याला झळ लागावी म्हणून बंद केलेलं आकाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात झळ दोन्हीकडे लागते: २०२५ च्या एप्रिलअखेर ते जूनअखेर एवढ्या काळात आपलं ४१० कोटी पाकिस्तानी रुपयांचं उत्पन्न बुडाल्याचं पाकिस्तानच्या संरक्षण खात्याने तिथल्या संसदेला सांगितलं. असा निर्णय घेणं सरकारला आवश्यक वाटत असेल तर त्याने तो घ्यावा. त्याची किंमत मात्र मोजली जावी आणि सांगितलीही जावी. प्रवाशाला जेव्हा 'परिचालनाच्या कारणास्तव' एवढंच सांगितलं जातं, तेव्हा तो विमानकंपनीला शिव्या देतो आणि खरं कारण चर्चेच्या बाहेर राहतं.

बंद दारं फक्त सरहद्दीवर आहेत असंही नाही. मे २०२० मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं होतं की भारताच्या हवाई क्षेत्रापैकी फक्त ६० टक्के नागरी वाहतुकीला मोकळेपणाने वापरता येतं, आणि उरलेल्यावरचे निर्बंध सैल केले तर वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये वाचतील. उरलेला भाग मुख्यतः लष्करी वापरासाठी राखलेला. त्यानंतर हे क्षेत्र आलटूनपालटून वापरण्याच्या पद्धतीला गती आली: हवाई दलाचा सराव असेल तेव्हा त्यांचं, नसेल तेव्हा नागरी विमानांचं. महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं, आणि दोन्हीकडे प्रवासी विमानांना लष्कराच्या सोयीने वेळ मिळत आली आहे. या सुधारणेत राष्ट्रीय सुरक्षेची कोणतीही हानी नाही, कारण गरज पडताच आकाश परत घेता येतं. इतकी साधी गोष्ट व्हायला इतका उशीर लागला, याचं कारण वाया जाणाऱ्या मिनिटांचा हिशोब कुणी मागत नव्हतं, असं मला वाटतं.

आता रांग. मुंबई-दिल्ली सरळ अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे; रेल्वेने तेच १,३८० च्या आसपास भरतं. या मार्गावरची विमानं ताशी ८३० किलोमीटरच्या वेगाने उडतात, म्हणजे एक तास वीस-बावीस मिनिटांचं काम. तिकिटावर सव्वादोन तास असतात. तिकिटावरचा वेळ उड्डाणाचा नसतो हे इथे समजून घ्यायला हवं. उभ्या विमानाच्या चाकांचे अडसर काढून ते जागेवरून हलतं तिथपासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहून अडसर पुन्हा लागतात तिथपर्यंतचा हा वेळ. व्यवसायात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, तिथली प्रतीक्षा आली. मुंबईत बहुतेक वेळा विमान पश्चिमेला, जुहूच्या दिशेने, समुद्रावर उडतं आणि मग दिल्लीसाठी उजवीकडे वळतं. ते वळण आलं. उतरताना आधीच्या विमानापासून ठरलेलं अंतर राखणं आलं, आणि उतरल्यावर पुन्हा रांगणं. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी त्या एका पट्टीवर तासाला ४६ विमानं चढत-उतरत होती, म्हणजे दर ७८ सेकंदांना एक. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने हा आकडा ४४ वर आणला. विमानांना मुंबईवर ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागत होत्या, आणि अशा ४० मिनिटांत सुमारे १,७०० लिटर व तासाभरात अडीच हजार लिटर इंधन जळत होतं, असं कारण तेव्हा दिलं गेलं. तासाला दोन विमानं कमी करणं याचा अर्थ दोन विमानांमध्ये चार सेकंद वाढवणं. चार सेकंदांची ढील मिळावी म्हणून केंद्र सरकारला आदेश काढावा लागतो, इतकं हे गणित ताणलेलं आहे.

इथे प्रवाशाची ठरलेली तक्रार असते: कंपन्या वेळ फुगवून छापतात आणि मग वीस मिनिटं आधी पोचवून वक्तशीरपणाची टिमकी वाजवतात. तक्रारीत तथ्य आहे. छापील वेळेपासून १५ मिनिटांच्या आत जे होतं ते वेळेवर, असा सर्वत्र रूढ असलेला निकष. तेव्हा छापील वेळच सैल ठेवली की निकष सोपा होतो. पण वेळ फुगवण्याला फक्त लबाडी म्हणणं मला पटत नाही. मागच्या हंगामात त्या मार्गावर, दिवसाच्या त्या प्रहरी प्रत्यक्ष किती वेळ लागला हे पाहून, बहुतेक दिवशी पाळता येईल असा आकडा कंपनी निवडते. वाऱ्यांनुसार तो बदलतो, म्हणून मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर वेळापत्रकं पालटतात तेव्हा तोही पालटतो. आकडा घट्ट ठेवला तर सकाळी दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं एकच विमान दुपारी मुंबईची, संध्याकाळी नागपूरची फेरी लांबवतं. म्हणजे फुगवलेली मिनिटं ही व्यवस्थेच्या अनिश्चिततेची कबुली आहे. चूक आहे ती कबुली झाकून ठेवण्यात. हवेतला वेळ किती, जमिनीवरचा किती आणि धरलेली सूट किती, हे तीन आकडे कंपन्यांकडे प्रत्येक फेरीचे असतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला वक्तशीरपणाची टक्केवारी जाहीर करतं. त्याच तक्त्यात हे तीन रकाने घालणं फार अवघड नाही, आणि मग रांग वाढली की कंपनीने वेळ वाढवली, हे कुणालाही वाचता येईल.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानावर भिस्त ठेवणाऱ्यांचा असतो: वेगवान विमानं आली की हे सारं आपोआप सुटेल. इतिहास तसं सांगत नाही. मे १९६० मध्ये एअर इंडिया बोइंग ७०७ घेऊन न्यूयॉर्कला पोचली. त्या विमानाचा वेग आणि आजच्या ७८७ चा वेग यांत नाव घेण्यासारखा फरक नाही. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम चढतो आणि इंधनाचा खर्च झेपत नाही, म्हणून प्रवासी विमानं ध्वनीच्या वेगाच्या ७८ ते ८५ टक्क्यांवर थांबली आहेत. कॉन्कॉर्डने ती मर्यादा ओलांडली, १९७६ ते २००३ प्रवासी नेले आणि ते निवृत्त झालं. पण समजा उद्या वीस टक्के वेगवान विमान आलं. मुंबई-दिल्लीत चढण्या-उतरण्याचं अंतर वजा केलं तर पूर्ण वेगाने उडण्यासाठी उरतात सातशेएक किलोमीटर, म्हणजे पन्नास मिनिटं. वीस टक्के वेग वाढला तर पन्नासाची बेचाळीस होतील. आठ मिनिटं वाचवायला नव्या पिढीचं विमान हवं, आणि मुंबईवरच्या एका घिरटीत तेवढी मिनिटं सहज जातात.

छोट्या मार्गांवर तर किलोमीटर जवळजवळ निरर्थक होतात. मुंबई-गोवा सरळ अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आत, छापील वेळ सव्वा तास. वंदे भारत गाडीला मडगावला पोचायला पावसाळा सोडून पावणेआठ तासांच्या आसपास लागतात. सव्वा आणि पावणेआठ यांची तुलना करून लोक विमान निवडतात. दादरहून विमानतळ गाठणं, दीड-दोन तास आधीची हजेरी, उतरल्यावर सामानाची वाट पाहणं, दाबोळी किंवा मोपा विमानतळाहून मडगावचा रस्ता हे सारं धरलं की सव्वाचे पाच तास होतात. तरीही विमान लवकर पोचतं, हे खरंच. पण सहापटीचा वाटणारा फरक दीडपटीवर येतो.

मुंबईच्या रांगेवर उपाय म्हणून नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. तिथल्या आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत, एकमेकींना न छेदणाऱ्या. दोन्ही पूर्ण झाल्या की त्या एकाच वेळी वापरता याव्यात अशी ती रचना आहे. पण सांताक्रूझचा जुना आणि उलव्याचा हा नवा विमानतळ यांच्यामध्ये सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरच आहेत, आणि विमानाला हे अंतर कापायला दोन-तीन मिनिटं लागतात. दोन्हीकडे उतरणारी विमानं एकाच आकाशातून, एकाच डोंगररांगेवरून येणार, तेव्हा त्यांची क्रमवारी नियंत्रकांना एकत्रच लावावी लागते. दिल्लीच्या फेरीचे छापील सव्वादोन तास येत्या काही हंगामांत खाली आले, तर ते या क्रमवारीमुळे येतील. आणि बोरिवलीत राहणाऱ्या प्रवाशाला उलव्यापर्यंतच्या रस्त्यावर गेलेला वेळ त्यातून वजा करावा लागेल.